स्कोअर सांग की आत्या

विटीबद्दल लिही म्हणून दादा किती महिने मागे लागलाय. "तू लिहितीस ना नेटवर, मग तिथं लिही की." मी आपलं बघू बघू करत होते. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की ते माणूस आपोआप गुणी व्हायला लागतं, आणि आमची विटी गुणी बिणी अजिबात नव्हती. पत्त्यात सर्रास चीटिंग करायची. धाकट्या भावाच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू खाऊन वर त्यालाच विचारायची, काय रे कुठं गेला लाडू. आजीला दुकानात पाठवायचं आणि तेवढ्यात टीव्हीचा रिमोट पळवायचा, हे तर रोजचंच. आणि भांडायची. कुणाशीही, कशावरही, पण जास्त करून नियमावर.

विटी हे तिचं घरातलं नाव, विटी-दांडूतली विटी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि चालायच्या आधी उड्याच मारायला लागली म्हणून माझ्या आईनं ठेवलेलं. खरं नाव इथे लिहीत नाही, ते शाळेच्या दाखल्यावर आहे तेवढं पुरे. माझ्या सख्ख्या भावाची, म्हणजे दादाची मुलगी, धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि मी लग्नानंतर कळव्याला. म्हणजे मी तिची सुट्टीतली आत्या, आंबे आणि नवे कपडे वाली. शेवटचं वर्षभर मात्र ती जवळपास माझ्याच घरी होती आणि तेव्हा कळलं की ही कार्टी नक्की काय चीज आहे.

खो-खो. बाकी सगळं नंतर. आमच्या जिल्ह्यात खो-खोचं वेड आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भारताची कॅप्टन राहिलेली सारिका काळे धाराशिवचीच, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा विटी असेल दहा-अकरा वर्षांची, तिनं पेपरातला फोटो कापून दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता आणि ते दप्तर फाटलं तरी टाकू दिलं नाही. शाळेच्या टीममधून चौदा वर्षांखालील गटात राज्यस्तरापर्यंत जाऊन आली. पुढचं स्वप्न होतं जानकी पुरस्कार, कुमारी गटात नॅशनलला सगळ्यात भारी खेळणाऱ्या मुलीला मिळतो तो. पळणारी होती ती, म्हणजे संरक्षण करणारी. बसलेल्या मुलींच्या मधून एकेरी साखळी करत अशी वळायची की मागची मुलगी हात लांब करेपर्यंत ही पलीकडे. मी एकदाच तिची मॅच प्रत्यक्ष पाहिली, मला निम्मं कळलंच नाही, मातीतनं धूर निघत होता आणि वहिनी माझ्या शेजारी डोळे गच्च मिटून बसली होती, "पडली का, पडली का" विचारत.

तर २०२४ च्या उन्हाळ्याच्या आधी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या जरा वर. आता खो-खो खेळणाऱ्या पोरीचा गुडघा दुखतोय म्हटल्यावर कोण काय म्हणणार? खांबावर आपटला असेल, सूर मारताना लचकला असेल. तेल लावलं, शेक दिला, शेजारच्या गावात हाड बसवणारा एक बाबा आहे त्यानं चोळून दिलं, तालुक्याच्या एका डॉक्टरनं गोळ्या आणि क्रेप बँडेज दिलं. गोळी घेतली की बरं वाटायचं आणि मग परत. आणि रात्री जास्त. दिवसभर खेळून आलेल्या लचकेला रात्री झोपल्यावर आराम पडायला पाहिजे ना, हिचं उलटं, रात्री दोन वाजता उठून पाय धरून बसायची. जूनपर्यंत मांडीच्या खालच्या टोकाला गरम लागणारी सूज आली तेव्हा दादानं एक्स-रे काढला आणि फिल्म घेऊन बार्शीला गेला, कारण बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे हे आमच्या भागात सगळ्यांना माहितीय, पण तिथं आपल्याला जावं लागेल असं कुणाला वाटतं? तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि म्हणाले की वेळ घालवू नका, टाटाला जा.

ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कॅन्सर. मला हा शब्दच तेव्हा कळला. मुलांची उंची झपाझप वाढते ना, त्याच वयात जास्त दिसतो, आणि गुडघ्याच्या आसपासच जास्त, कारण तिथलंच हाड सगळ्यात वेगानं वाढत असतं. वहिनी पहिल्या दिवसापासून एकच घोकत होती, खो-खोनं घात केला, मीच खेळू दिलं. टाटाच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं की ताई, मार लागून हा होत नाही, मार लागल्यावर गुडघ्याकडे लक्ष जातं एवढंच, पोरगी घरात बसून राहिली असती तरी झाला असता. वहिनीनं ते किती ऐकलं माहीत नाही. पण विटीनं ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "बघ मम्मी, खो-खो निर्दोष सुटला."

इथं एक सांगते, घरात तोपर्यंत ठरलेलं होतं की पोरीला सांगायचं नाही. गाठ आहे, औषधानं विरघळते, एवढंच. माझ्या आईचा आग्रह होता, आणि दादा आईपुढे बोलत नाही. आता टाटा मेमोरियलच्या दारात उभं राहून पंधरा वर्षांच्या पोरीला, जिच्या हातात मोबाईल आहे, तुम्ही काय लपवणार? बोर्डावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाहेर फूटपाथवर अख्ख्या देशातून आलेली माणसं चादरी टाकून बसलेली, लहान लहान पोरं टक्कल केलेली, तोंडाला मास्क. विटीनं सगळं बघितलं आणि काहीच विचारलं नाही, उलट आजीला फोनवर सांगायची, "हो गं, गाठच आहे, विरघळंल." ती आजीला सांभाळत होती आणि आजीला वाटत होतं की आपण तिला सांभाळतोय. असं बरेच दिवस चाललं.

मग बायोप्सी, एमआरआय, छातीचा सीटी. छातीचा का, तर हा आजार हाडातून निघाला की आधी फुप्फुसात जातो. तिच्या फुप्फुसात एक-दोन बारीक ठिपके होते, पण ते नक्की काय आहेत ते सांगता येत नाही, लक्ष ठेवू म्हणाले. सुरुवातीचे दिवस दादा-वहिनी तिला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले, हॉस्पिटलची चिठ्ठी दाखवून जागा मिळाली. रोगी आणि नातेवाईक मिळून माणसांचा एवढा गजबजाट, पण स्वच्छता बघून विटी म्हणाली आमच्या शाळेनं इथं सहल काढली पाहिजे. गाडगेबाबांचं नाव आहे म्हटल्यावर झाडू तर असणारच की. केशरी रेशनकार्ड होतं त्यामुळे महात्मा फुले योजनेत बराचसा खर्च बसला, त्याचे कागद गोळा करताना मात्र दादाच्या चपला झिजल्या. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं माफ असतं आणि सोबतच्याला पंचाहत्तर टक्के सूट, हे आम्हाला धर्मशाळेतल्याच एका जालन्याच्या काकांनी सांगितलं, नाहीतर कोण सांगतंय. मग लातूर-मुंबई गाडी तिच्या इतकी पाठ झाली की कुर्डुवाडीला चहावाला कुठल्या डब्यापाशी उभा असतो तेही तिला माहीत. केमो सुरू झाल्यावर मी तिला कळव्याला घेऊन आले.

केमोबद्दल सगळं लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीय आणि ज्यांच्या नाही त्यांनी कशाला वाचायचं. पण दोन गोष्टी तिच्या आहेत म्हणून लिहिते. एक औषध लालभडक असतं, बाटलीतच लाल, आणि नंतर लघवीलाही लाल होते. पहिल्यांदा झालं तेव्हा वहिनी बाथरूमच्या दारात किंचाळली आणि आतून विटीचा आवाज, "मम्मी, रंगपंचमी आहे, घाबरू नको." आणि दुसरं औषध होतं सिसप्लॅटिन, त्यानं कानावर परिणाम होतो. तिच्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, सारखी, झोपेतसुद्धा. कानाची टेस्ट करणाऱ्या मॅडमनी विचारलं, कसा आवाज येतो सांग, तर म्हणाली, "पंच शिट्टी वाजवायलाय आणि कुणीच थांबंना." त्या मॅडमना खो-खोतलं काही कळलं नाही बहुतेक, पण त्या हसल्या.

तिची एक वही होती. एकरेघी, मागच्या पानावर पाढे असतात तसली. त्यात तिनं खो-खोच्या गुणपत्रकासारखे रकाने आखले होते, तारीख, हिमोग्लोबिन, काउंट, प्लेटलेट, आणि शेवटचा रकाना शेरा. ब्लड रिपोर्ट आला की स्वतः भरायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. काउंट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, हजाराच्या खाली गेला की केमो पुढे ढकलायचे, त्या दिवशी शेऱ्यात "बाद". वर असला की "नाबाद". ताप शंभराच्या वर गेला की रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत पळायला लागायचं, त्या दिवशीचा शेरा "पंचांचा निर्णय वादग्रस्त". लाल पेन फक्त प्लेटलेटसाठी. माझ्या ऑफिसातल्या दोघांनी तिला प्लेटलेट दिल्या, त्यांची नावं त्या वहीत "राखीव खेळाडू" म्हणून लिहिलेली आहेत.

लोक भेटायला यायचे. हे एक वेगळंच प्रकरण. पपईच्या पानांचा रस, साखर बंद करा, अमुक वैद्य, तमुक महाराज. एक लांबच्या मावशी तर तिच्यासमोर बसून रडायलाच लागल्या, गं माझी बाई, काय वय आहे का हे. विटीनं त्यांना पाणी दिलं, पंखा वाढवला आणि विचारलं, "तुम्हाला काय होतंय मावशी?" मी किचनमध्ये जाऊन हसले.

ऑपरेशनच्या आधी मात्र ती गप्प झाली होती. पाय ठेवता येईल असं डॉक्टर म्हणाले होते, गाठीचं हाड कापून काढायचं आणि तिथं धातूचा सांधा बसवायचा, असे सांधे आता भारतात पण बनतात त्यामुळे बाहेरच्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. आम्ही सगळे खूश, पाय वाचला. सर्जन राउंडला आले तेव्हा ती त्यांना सरळ म्हणाली, "सर, खो-खो?" दादा मधे पडला, अगं आधी बरी तर हो, खेळशील की. डॉक्टरांनी दादाकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून तिच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, "चालशील. जिना चढशील. सायकल बहुतेक चालवशील. पळायचं नाही, उडी मारायची नाही, सूर तर अजिबात नाही. खो-खो नाही." विटी म्हणाली, "ओके." मग जरा थांबून, "पंच होता येईल ना?" ते म्हणाले, येईल. त्या दिवशी संध्याकाळी ती खूप रडली, उशीत तोंड घालून, आणि रडून झाल्यावर मला म्हणाली की हाच एक माणूस नीट बोलला माझ्याशी. तेव्हापासून त्या सर्जनचं ती काहीही ऐकायची, फिजिओथेरपीत कितीही दुखलं तरी.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट येतो, त्यात केमोनं किती टक्के गाठ मेली ते असतं. नव्वदच्या वर असेल तर चांगलं मानतात. तिचं साठच्या आसपास होतं. "साठ म्हणजे फर्स्ट क्लास की," म्हणाली. मी सांगितलं की नव्वद पाहिजे होतं. "हे काय सायन्सचं कट-ऑफ आहे का?" हसत होती, पण वहीत तो आकडा लिहिला आणि त्याला चौकट केली. नंतर कळलं की तिनं नेटवर सगळं वाचून ठेवलेलं होतं, फुप्फुसात नसेल तर साधारण दहातली सहा-सात मुलं निभावतात, आणि गेला असेल तर आकडा किती खाली येतो, सगळं.

मग आला जानेवारी २०२५ आणि खो-खोचा पहिला वर्ल्ड कप, दिल्लीत. त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पायाला लांब ब्रेस, पाय स्टुलावर, डोक्याला माझा जुना स्कार्फ, आणि टीव्हीसमोरून कुणी गेलं तर ओरडा. भारताची कॅप्टन प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची, आणि टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे, मग काय विचारता, "आमच्या गावची" असं ती सोसायटीच्या वॉचमनला पण सांगून आली. कॉमेंट्री करणाऱ्यांशी भांडायची, ह्याला काही कळत नाही म्हणून आवाज बंद करून स्वतःच कॉमेंट्री करायची. मॅट तिला आवडली नाही. माती पाहिजे म्हणाली, मॅटवर सूर मारला की छाती सोलवटते. पण एक नवा नियम तिला फार पटला होता, ड्रीम रनचा. आधी काय व्हायचं की बाद करणाऱ्याला गुण, पळणाऱ्यानं कितीही वेळ काढला तरी त्याच्या नावावर गुण नाही. आता तिघांची तुकडी तीन मिनिटांच्या पुढे टिकली की त्यांना गुण मिळतात. "हे बरोबर केलं बघ आत्या, नाहीतर पळणाऱ्याला कोण विचारतंय, सगळे बाद करणाऱ्याच्याच मागं." १९ जानेवारीला रविवार होता, फायनल दोन्हीकडे नेपाळशी. मुलींनी ७८-४० नं मारली आणि मग मुलांनी पण, ५४-३६. विटीनं दोन्ही स्कोअर वहीत लिहिले, प्लेटलेटच्या रकान्यात, लाल पेननं. रात्री तिला उलट्या झाल्या, आनंदानं की केमोनं कुणास ठाऊक, त्या पण ती म्हणाली जिंकल्याच्या आहेत.

दहावीची परीक्षा तिनं दिली. सगळे नको म्हणत होते, वर्ष गेलं तर जाऊ दे. पण वर्गातल्या मुली पुढे जातील आणि आपण मागं राहू हे तिला पटेना. केमोच्या तारखा डॉक्टरांनी जमेल तशा सरकवल्या, केंद्रावर खालच्या मजल्यावर वेगळी खोली मिळाली, जास्तीचा वेळ मिळाला. १३ मेला निकाल लागला, अडुसष्ट टक्के. मला फोन करून पहिलं वाक्य काय तर, "आत्या, क्रीडा गुण धरून हं. पण ते माझे हक्काचेत, कुणी दया केलेली नाही." राज्यस्तरावर खेळल्याचं सर्टिफिकेट वेळेत बोर्डाकडे गेलं नाही म्हणून तिनं शाळेच्या ऑफिसात काठी टेकत जाऊन भांडण केलं होतं. तिथल्या क्लार्कना अजून आठवत असेल.

जूनमध्ये सीटी झाला. ते बारीक ठिपके वाढले होते आणि नवे आले होते, दोन्ही बाजूंना.

दादाला डॉक्टरांनी आत बोलावलं, विटी बाहेर बाकावर माझ्याबरोबर. दादा बाहेर आला आणि म्हणाला, "काही नाही, औषध बदलणारेत." तिनं त्याच्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. संध्याकाळी कळव्याला मी मेथी निवडत होते, ती समोर येऊन बसली, काठी भिंतीला लावली आणि जुडीतली मेथी ओढून घेतली. थोडा वेळ दोघी निवडत बसलो. ती कधीच नीट निवडायची नाही, जाड देठंसुद्धा तशीच टाकायची. मग म्हणाली, "स्कोअर सांग की आत्या."

मी सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं सगळं. दोन्ही फुप्फुसांत आहे, ऑपरेशन करून निघण्यासारखं नाही, दुसरं औषध देऊन बघू म्हणालेत पण त्यानं जाणार नाही, फार तर थांबेल थोडे दिवस. तिनं विचारलं, दुखंल का? मी म्हटलं दुखण्यावर औषध आहे, चांगलं औषध आहे. घरी राहता येईल का? येईल. मग बराच वेळ देठं मोडत बसली. मग म्हणाली, "पप्पाला माहितीय का, मला माहितीय ते?" नाही. "मग सांगू नको लगेच. मी सांगते." आणि मग, "आता काउंट बिउंटचं एवढं नसंल तर स्टेशनजवळचा वडापाव आणतीस का? वर्ष झालं बाहेरचं खाऊन." मी पिशवी घेऊन खाली उतरले, जिन्यात थोडा वेळ बसले, आणि मग गेले. तिनं दोन खाल्ले. सुक्या चटणीसाठी भांडली.

पप्पाला तिनं कधी आणि कसं सांगितलं मला माहीत नाही, दादा त्याबद्दल अजून बोलत नाही. पण ऑगस्टमध्ये मी गावी गेले तेव्हा घरातलं ते कुजबुजणं बंद झालेलं होतं. दोघं बापलेक अंगणात बसून उघड बोलायचे, ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणायचं का, रात्री कोण जागणार, शाळेत कुणाला काय द्यायचं. आई तेवढी कानावर हात ठेवायची, तुळजाभवानीला नवस बोलायची. विटी तिला म्हणायची, "बोल आजी, पण फेडायचा तूच हं, मला देवळाच्या पायऱ्या होणार नाहीत."

आता मॉर्फिनबद्दल, म्हणजे त्या दुखण्यावरच्या औषधाबद्दल लिहिते कारण ते लिहिलंच पाहिजे. मॉर्फिनची गोळी काही रुपयांची असते. पण ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, परवानगी असलेल्या हॉस्पिटलातूनच आणावी लागते, कायदा २०१४ मध्ये सुटसुटीत केला तरी तालुक्याच्या गावात परिस्थिती जवळपास तीच. आणि लोकांच्या डोक्यात असं की मॉर्फिन म्हणजे शेवट, म्हणजे माणूस गुंगीत जाणार, व्यसन लागणार. गावातल्या एकानं दादाला सांगितलं, एवढ्या लहान पोरीला अफू देता का? दादानं दिली, घड्याळ लावून दिली, दर चार तासांनी, बरोबर पोट साफ व्हायचं औषध, कारण ते दिलं नाही तर त्याचाच त्रास जास्त. आणि विटी गुंगीत बिंगीत काही गेली नाही, दुखणं कमी झाल्यावर उठून बसून मैत्रिणींशी भांडायला लागली. गावातले विचारवंत मग गप्प बसले.

सप्टेंबर २०२५ मधला आमच्याकडचा पाऊस बातम्यांत सगळ्यांनी पाहिलाय. परांडा, भूम, सीना नदीच्या कडेची गावं, घरांच्या छपरावर बसलेली माणसं, वाहून गेलेली जनावरं, जमिनीवरची मातीच खरवडून गेली. आमच्या गावात घरं वाचली पण रस्ते गेले. गोळ्या संपत आल्या होत्या आणि बार्शीकडे जायचा पूल पाण्याखाली. दादा एका ट्रॅक्टरवाल्याबरोबर कुठून कुठून वळसा घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली पाकिटं घेऊन परत आला, छातीपर्यंत चिखल. मधली एक रात्र वाईट गेली. तेवढंच लिहिते. सोयाबीन सगळं गेलं होतं त्या वर्षी, पण दादाला कुणी पिकाचं विचारलं तर तो नुसता बघत राहायचा, जणू परक्या भाषेत विचारलंय.

दसरा झाला, कोजागिरीच्या आधी विटी गेली. पहाटे, घरी, वहिनीच्या मांडीवर डोकं. मी पोचले नाही, गाडी पुण्याच्या पुढे होती.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. "कर्करोगाशी दिलेली झुंज अखेर अपयशी", वर तिचा नववीचा आयकार्डवरचा फोटो, जो तिला मनापासून नावडता होता, एक डोळा अर्धा मिटलेला. ज्यांनी लावला त्यांचं प्रेमच होतं, त्यांना काय बोलणार. पण झुंज कसली आणि अपयश कुणाचं, हे मला अजून कळत नाही. औषधाचं अपयश म्हणा, उशिरा कळल्याचं म्हणा. तिनं कशात कमी केलं होतं? आणि तिला काही लढायची हौस नव्हती, तिला खेळायचं होतं, त्यात फरक आहे. दादानं रात्री जाऊन तो फ्लेक्स उतरवला आणि दुसरा लावला नाही.

तेराव्याला टीमच्या पोरी आल्या, सगळ्या किटमध्ये, नंबरांचे टी-शर्ट घालून. आधी ओळीत गप्प बसल्या. मग कुणीतरी विटीनं राज्यस्तराच्या कॅम्पमध्ये मॅडमच्या घड्याळाचे काटे पुढे करून पहाटेचा सराव कसा बुडवला ते सांगितलं आणि मग थांबायचं नावच नाही. एकेकीकडून कितीतरी दिवसांचे हिशेब निघाले, कुणाचा सॉक्स, कुणाचा डबा, कुणाचे पन्नास रुपये. जेवल्या पण भरपूर. बऱ्याच दिवसांनी त्या घरात पंगतीला कुणीतरी दुसऱ्यांदा जिलबी मागितली आणि वहिनीनं वाढली.

एक सांगायचं राहिलं, आणि हे आत्यापणानं सांगते, वाटलं तर वाचा. वाढत्या वयाच्या पोराचा गुडघा, खांदा दुखतोय, काही आठवडे झाले तरी थांबत नाही, रात्री जास्त दुखतो, सूज दिसतेय, तर चोळत बसू नका. एक्स-रे काढा. बहुतेक वेळा काही निघत नाही, शेपाचशे रुपये जातील. गेले तर गेले.

तिच्या उपचारासाठी लोकांनी जमवलेल्या पैशातले थोडे उरले होते. गावातल्यांचं म्हणणं, तिच्या नावानं चषक ठेवू, मोठी स्पर्धा भरवू, आमदारांना बोलवू. दादा नको म्हणाला. विटीची शाळेच्या ग्राउंडबद्दल एक जुनी तक्रार होती की तिथले दोन्ही खांब खडबडीत आहेत, हात धरून वळलं की कुसळं घुसतात, आणि एक तर वाकडाच आहे. नियमाच्या पुस्तकात खांब कसा हवा ते लिहिलंय, गुळगुळीत, नऊ ते दहा सेंटिमीटर जाडीचा, जमिनीच्या वर एकशे वीस ते एकशे पंचवीस. तिनं त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. दादा ते पुस्तक घेऊन सुताराकडे गेला. सुतारानं पहिला खांब जरा जाड केला, म्हणाला मजबूत राहील, पोरीबाळींचा खेळ आहे, एवढं कोण मोजतंय. दादानं टेप लावून मोजला आणि परत पाठवला. दुसरा बरोबर आला. जुन्या वाकड्या खांबाचं काय करायचं म्हणून शाळेनं विचारलं तर तो पण घरी घेऊन आला, वहिनी त्यावर आता वाकळ वाळत घालते.